दोन बारीक नळ्या

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलात तरी चालेल, पण कान इकडे असू द्या, कारण ही गोष्ट डोळ्यांची कमी आणि कानांची जास्त. प्रेमात नजरानजर होते हे तुम्हाला कुणी नव्यानं सांगायला नको. पण नजर वळायच्या आधीच दोघांचे कान एका आवाजापाशी भेटले आणि त्या भेटीचं पुढे काय झालं, ते आज ऐकवायचं आहे. मध्येच उठायचं मात्र नाही. गोष्ट लांबलचक नाही आणि शेवट गोड आहे, एवढा शब्द आधीच घ्या.

तर एक होती मिस्त्रीण. वय सव्वीस. कपाळावर आलेली बट मागे सारताना दर वेळी तिच्या भुवईवर काळा डाग उमटायचा आणि संध्याकाळपर्यंत तिथेच मुक्काम करायचा. गॅरेज तिच्या बाबांचं. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी पान्हे लेकीच्या हाती दिले आणि स्वतः फाटकाजवळ खुर्ची टाकून बसले. त्यांनी तिला लहानपणापासून एकच गोष्ट घोटून शिकवली होती. इंजिनाला हात लावायच्या आधी कान लावायचा. ते आपलं दुखणं आपणच सांगतं, आपण फक्त मध्ये बोलायचं नाही. सुट्या भागांच्या काउंटरवर आत्या बसायची. आत्याला इंजिनातलं ओ की ठो कळत नसे, पण माणसांतलं सगळं कळे, आणि कळलेलं तिच्या पोटात राहत नसे.

त्या बुधवारी मिस्त्रीण पंपघरातलं काम आटोपून पायी परतत होती. नुकतीच भुरभुर येऊन गेलेली... रस्ता ओला, खांद्यावर अवजारांची पिशवी. टेकडीच्या चढाच्या पायथ्याशी ती पोचली आणि मागून एक गाडी आली. दिसायच्या आधी ऐकू आली. तीन ठोके सरळ, एक गिळलेला. पुन्हा दोन सरळ, एक गिळलेला. मग ढास लागावी तसा खोकला.

"एक सिलिंडर झोपलाय," ती मागे न बघता स्वतःशीच म्हणाली.

गाडी नेमकी तिच्या शेजारी येऊन आचके देत बंद पडली.

"एक नाही," गाडीतून आवाज आला. "एकच झोपला असता तर खंड दर वेळी त्याच जागी पडला असता. हा जागा बदलतोय. मी पुलापासून मोजत आलोय."

आता मात्र ती वळली. जुनी लष्करी जीप. चौकोनी, उघडी, ताज्या हिरव्या रंगाची. आणि स्टिअरिंगवर अजून बोटांनी ताल धरून बसलेला एक तरुण.

आजवर तिच्याकडे आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक "काहीतरी आवाज येतोय हो" एवढंच सांगायचं. आवाज मोजून आणणारा माणूस ती पहिल्यांदाच बघत होती.

"मेकॅनिक आहात?"

"छे. पेट्या दुरुस्त करतो. भात्याच्या, वाजवायच्या. गाडीतलं मला काही कळत नाही."

"मग मोजता कशाला?"

"ही बंद पडली की तेवढंच माझ्या हातात उरतं."

ती हसली नाही. पण खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. आणि तिला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, ती पिशवी उगाच कुणासाठी खाली उतरत नसे.

बॉनेट उघडता उघडता तिला कळलं की जीप त्याच्या काकांची. काका लष्करात ड्रायव्हर. हीच जीप त्यांनी एकदा छातीभर पाण्यातून नदीपार नेली होती, आणि पुढे ती मोडीत निघाली तेव्हा त्यांनीच ती विकत घेऊन घरी आणली. आईवडिलांमागे या पुतण्याला त्यांनीच वाढवलं, जीपच्या मागच्या बाकावर झोपवून, म्हणाल तर. काकांचा एक डोळा केव्हाच गेला होता. उरलेल्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, त्यावर तीन आठवड्यांची पट्टी होती, आणि तो वाचला की नाही हे पट्टी सुटल्यावरच कळणार होतं. टेकडीवरच्या घरात बसून काकांनी पुतण्याला बजावलं होतं की पट्टी सुटेल तेव्हा मला फाटकात माझी गाडी दिसली पाहिजे, चढ स्वतःच्या दमावर चढून आलेली. टोचन लावून ओढत आणलीस तर मला आवाजावरून कळेल, आणि मग मी डोळा उघडणारच नाही.

"ते खरंच उघडणार नाहीत," पेटीवाला म्हणाला. "आणि समजा उघडला... आणि दिसलंच काही... तर ते पहिलं दिसणं आहे. ते वाया जायला नको."

मिस्त्रिणीनं बॉनेट खाली घेतलं. "पट्टी कधी सुटणार?"

"अठरा दिवसांनी. रविवारी सकाळी दहाला."

"रविवारी दहाला गाडी वर असेल."

त्या गॅरेजातून गेलेला शब्द कधी परत आला नव्हता. बाबांच्या काळापासून नाही.

आता गाडीचं दुखणं थोडक्यात समजून घ्या, म्हणजे पुढची गंमत कळेल. इंजिनात चार सिलिंडर, आणि चौघांना आळीपाळीनं ठिणगी वाटून देणारी एक डबी, डिस्ट्रिब्युटर म्हणतात तिला. एक प्लग खराब असेल तर एकाच सिलिंडरची तक्रार येते. पण खंड जागा बदलत असेल तर जेवणारे बरे आहेत, वाढपी आजारी आहे. पेटीवाल्याच्या मोजण्यानं तिचा निम्मा शोध वाचला होता. तिनं डबी उघडली. लष्करी डबी ती, जाड ओतीव, रबर लावून आवळलेली, आत थेंब शिरू नये अशी. आतले पॉइंट, म्हणजे ठिणगी जुळवणारे दोन चिमुकले तुकडे, काळेठिक्कर पडले होते. तिनं बारीक कानशीनं ते घासले, मधलं अंतर जुळवलं, डबी बंद केली. चारही ठोके ओळीत पडू लागले.

तो डोळे मिटून ऐकत राहिला. "आता सुरात आहे."

"गाडी आहे ही. पेटी नाही."

"फरक काय? दोन्हीकडे हवाच तर असते. आत घ्यायची, बाहेर सोडायची."

गिऱ्हाइकानं असं काही बोलायचं नसतं, असं तिला वाटलं. मग दिवसभर तेच आठवत राहिलं.

सोमवारी जीप परत आली, खोकत. पॉइंट पुन्हा काळे. तिनं नवे बसवले, त्यांना जपणारा कंडेन्सरही बदलला. शनिवारी पुन्हा हजर. या वेळी तिनं कार्बोरेटर उतरवला, वायरी तपासल्या, एकेक प्लग उन्हाकडे धरून बघितला. तो दिवा धरून उभा असायचा.

"दिवा जरा डावीकडे."

"तुमच्या डावीकडे की माझ्या?"

"गाडीच्या."

तो हळूच म्हणाला, "तुमच्या भुवईवर काळं लागलंय."

"माहीत आहे."

"पुसत नाही?"

"पुन्हा लागतं."

"मग राहू दे. छान दिसतं... म्हणजे, कामाचं दिसतं."

दिवा विनाकारण हलला. तिनं मान वर केली नाही, पण त्या दिवशी एक नट तिनं तीनदा आवळला.

आणि काउंटरवर आत्या होतीच. तिनं जाहीर केलं की गाडीचं दुखणं डबीत नसून मालकाच्या छातीत आहे. इतक्या नेमानं तर तापही उलटत नाही. पाच दिवस झाले की स्वारी दारात, आणि येताना केस ओले करून भांग पाडलेला. आजारी गाडीला भांग कशाला लागतो? बाबा नुसते छताकडे बघून खाकरले.

गंमत म्हणून सोडून द्यायची गोष्ट. पण मिस्त्रिणीच्या मनात ती रुतली. कारण डबी तर आतून बंद, पाणी नाही, धूळ नाही, सगळं नवं. मग बिघडते कशी? कुणीतरी बिघडवल्याशिवाय? आणि तसं असेल, तर तिचा शब्द, म्हाताऱ्याचा डोळा, सगळं या माणसानं खेळायला घेतलं होतं. तिनं सरळ विचारलं.

"गाडी तुम्ही बिघडवता?"

त्यानं दिवा खाली ठेवला. "नाही." मग म्हणाला, "पण बिघडली की मला वाईट वाटत नाही, हे खरं. ते का लपवू?"

तिचे कान तापले. रागानं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"किल्ली द्या," ती म्हणाली. "गाडी इथेच राहील, कुलपात. रोज सकाळी मी अंगणात फिरवीन. तुम्ही इकडे फिरकायचं नाही."

"आणि बिघडली नाही तर?"

"तर दोष सापडला असं समजेन. रविवारी गाडी वर पोचवीन, आणि पुन्हा तुमच्याशी बोलणार नाही."

"आणि बिघडली तर?"

"तर मी चुकले. मीच तुमच्याकडे येईन."

त्यानं किल्ली तिच्या तळहातावर ठेवली, आणि ठेवल्यावरही बोट क्षणभर तिथेच राहिलं. "आता देवाकडे मी मागू काय? चालू दे म्हणू, की..."

"ते तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली आणि किल्ली ओढणीच्या गाठीत बांधली.

रविवार गेला. सोमवार, मंगळवार. रोज सकाळी जीप अंगणात गोल फिरायची आणि चारही ठोके शहाण्या मुलांसारखे रांगेत. आत्या काउंटरवरून रोज भुवया उडवायची. मिस्त्रीण दिवा स्वतःच धरायची आणि तो बरोबर जागी पडायचा, तरी काहीतरी अंधारात राहायचं. आपलंच इंजिन उत्तम चालतंय आणि आपल्यालाच घास उतरत नाही, हा दोष कुठल्या पुस्तकात सापडायचा? गुरुवारही सरळ गेला.

शुक्रवारी सकाळी तिसऱ्या फेरीला एक ठोका गिळला गेला.

पुन्हा एक. मग तो ओळखीचा खोकला. आणि मिस्त्रीण स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसायला लागली, खांदे हलेपर्यंत.

"अगं," बाबा खुर्चीतून म्हणाले, "चाळीस वर्षं धंदा केला. गाडी बिघडली म्हणून हसणारा मेकॅनिक नव्हता बघितला."

पण हसू ओसरलं तशी तारीख आठवली. मध्ये एक दिवस उरला होता. तिनं पॉइंट घासले आणि जीप सरळ चढाकडे काढली. अंगणात रमतगमत जे पाच दिवसांत व्हायचं, ते चढावर जोर लागताच अर्ध्या वाटेत झालं. जीप कण्हली, थरथरली, थांबली. ब्रेकवर पाय रोवून तिनं गाडी कडेला टेकवली, चाकाला दगड लावला आणि तिथेच, गरम असतानाच, डबी उघडली.

भपकन वास आला. उग्र, कडवट... वीज कडाडून गेल्यावर हवेत राहतो तसा.

हा वास तिला दर वेळी आला होता, पण डबी उघडायची ती थंड झाल्यावर, तेव्हा तो पुसटसा असायचा. जुन्या वस्तूला येतो वास, म्हणून तिनं तिकडे लक्षच दिलं नव्हतं. सगळी भिस्त कानांवर. आता ती तशीच उभी राहिली. ठिणग्या हवा जाळतात. साध्या गाडीची डबी सैल असते, जळकी हवा निघून जाते. ही तर नदीच्या पाण्यासाठी तोंड मिटून बसलेली. मग जळकी हवा जाते कुठे? कुठेच जात नाही. आतल्या आत कोंडते आणि पॉइंट खाते. नदी पार होईतो तोंड मिटणं ठीक, पण आयुष्यभर कोण मिटून जगेल? ज्या कारखान्यात ही डबी बनली तिथली माणसं वेडी नव्हती. हिला नाक असणार.

तिनं डबीच्या बगलेतले दोन स्क्रू बघितले. त्यांच्यावरही तोच ताजा हिरवा रंग. नखानं खरवडला. खाली पितळ. स्क्रू काढला. त्याच्याखाली कातड्याची चकती, नाण्यासारखी गोल, सुबक कापलेली.

इतकं गोल कातडं या गावात एकच माणूस कापत होता.

पेटीवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला पोट फाडलेल्या पेट्या, खिडकीत सरसाचं भांडं, बाकावर ओळीनं मांडलेल्या पितळी सुरांच्या पट्ट्या. ती दारात दिसताच तो उठला आणि मांडीवरचे चार सूर खाली सांडले.

"बिघडली?" त्यानं विचारलं.

"बिघडली."

दोघांनी हसू दाबायचा प्रयत्न केला. जमलं कुणालाच नाही.

"म्हणाले होते, मीच येईन. आले." तिनं मूठ उघडली. "आता हे कातडं कुणाचं, ते सांगा."

त्याचा चेहरा उतरला. जीप दहा वर्षं दुकानामागच्या छपरीत पडून होती. पहिल्यांदा सुरू केली तेव्हा त्या डबीच्या एका बारीक नळीतून हवा स्स्स करत होती, असं तो म्हणाला. आणि भात्याच्या धंद्यात स्स्स म्हणजे एकच, गळती. गळती दिसली की कातडं लावून बुजवायची, हे त्याच्या हातांना झोपेतही ठाऊक. त्यानं दोन्ही नळ्या काढल्या, भोकं बुजवली, वरून रंग दिला. हे सांगायचं त्याला सुचलंही नाही. आपण सुधारलेली गोष्ट माणूस बिघाडात कशी मोजेल?

"एकीतून ताजी हवा आत, दुसरीतून जळकी बाहेर," ती म्हणाली. "एकीचं रबर तडकलं होतं, एवढंच. तुम्ही तिचं नाक दाबलंत."

"आणि वर बसून तिचा खोकला मोजत राहिलो."

"चूक माझीही आहे. काम इतकं सुबक की मला कारखान्यातलंच वाटलं. थोडं गचाळ केलं असतंत तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं."

"पुढच्या वेळी गचाळ करीन."

"पुढची वेळ येणार नाही." मग स्टुलावर बसत ती जरा हळू म्हणाली, "मी तुमच्यावर संशय घेतला."

"तो निम्मा खरा निघाला की. गाडी मीच बिघडवत होतो." तो सांडलेले सूर गोळा करत होता, वर न बघता. "फक्त मला ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर... तर काय केलं असतं, ते मात्र विचारू नका."

तिनं वाकून एक सूर उचलला आणि त्याच्या हातावर ठेवला.

जुन्या नळ्यांपैकी एक खणात जपून ठेवलेली होती. दुसरी त्यानं कापून एका पायपेटीच्या पायट्याला वापरली होती. तेव्हा शनिवारी दुपारी दोघांनी नवी नळी करायला घेतली. पितळ त्याचं, माप तिचं. वाकवताना नळी चपटी होऊ नये म्हणून तिनं आत बारीक वाळू भरली. त्यानं टोकांना डाख दिला, असा की सांधा बोटाला लागू नये. ती धरायची, तो जोडायचा. मध्ये दोन बोटांचं अंतर. कुणी बोललं नाही, कारण बोलून हात हलला असता. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. डाख थंड झाल्यावर त्यानं अंगठ्यानं तिच्या भुवईवरचं काळं पुसलं... आणि ते कानापर्यंत पसरलं.

"वाढवलंत," ती म्हणाली. पण बाजूला सरली नाही.

रविवार उजाडला. जीपच्या डबीला आता दोन पितळी नळ्या, नाकासारख्या. पाच दिवस वाट बघून खात्री करायला वेळ नव्हता, आणि शनिवारी तिनं चढावर नेऊनही बघितली नव्हती. पेटीवाल्यानं विचारलं, एकदा बघायची का? ती म्हणाली, रविवारी दहाला बघू, काकांबरोबर.

तो चालवायला बसला, ती शेजारी. पायथ्याशी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पडली आणि चढाला लागली. त्याची बोटं स्टिअरिंगवर ताल धरू लागली. शुक्रवारचा दगड अजून कडेला पडलेला होता. तो जवळ आला तसा त्याचा ताल घट्ट झाला.

"तुम्ही मोजत नाही?" त्यानं विचारलं.

"तू मोजतोयस ना," ती म्हणाली. "एका घरात दोघांनी कशाला मोजायचं?"

त्याचा ताल चुकला. इंजिनाचा नाही. दगड मागे पडला.

वर फाटकासमोर खुर्चीत काका ताठ बसलेले, शेजारी डॉक्टर. जीप समोर येऊन उभी राहिली, इंजिन चालूच. डॉक्टरांनी पट्टी सोडली, कापूस काढला आणि सांगितलं, सावकाश डोळा उघडा.

काकांनी तळवा वर केला. "थांबा. आधी ऐकू द्या."

आणि म्हातारा मिटल्या डोळ्यांनी ऐकत बसला. डॉक्टर घड्याळाकडे बघत राहिले. पेटीवाल्यानं शेजारचा हात शोधला, तो तिथेच होता. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार.

"चारही बोलतायत," काका म्हणाले आणि त्यांनी डोळा उघडला.

पापणी दोनदा मिटली, उघडली. मग, "हिरवा जरा उजळ दिलास रे. आमचा मळका होता."

पुतण्यानं बाहीनं डोळे पुसले. काकांचा डोळा मात्र कामाला लागला होता. नळ्यांवरून तो मिस्त्रिणीवर आला, तिच्या भुवईवर थांबला.

"ही कोण?"

"हिनं बरी केली."

"गाडीला, की तुला?"

"गाडी झाली बरी," मिस्त्रीण म्हणाली. "याचं अजून बघायचंय. वेळ लागेल."

काका इतके हसले की डॉक्टरांना डोळ्याची काळजी वाटली.

उतरताना इंजिन बंद करून त्या दोघांनी जीप नुसती उतारावर सोडली, इतकी हळू की बोलता यावं. तो म्हणाला, आता ही बिघडणार नाही. ती म्हणाली, नाही.

"मग मी गॅरेजवर यायचं कशाच्या निमित्तानं?"

"निमित्त कशाला? रोज ये," ती म्हणाली. "मला तू रोज हवा आहेस. बाबांना सकाळीच सांगितलंय. आत्याला सांगायची गरज पडली नाही."

त्यानं गाडी कडेला घेतली. का, ते मी सांगत नाही, तुम्ही शहाणे आहात.

त्या दोघांचं पुढे छान झालं. जीप अजून चढते. काका मात्र आता नाहीत. त्या डोळ्यानं सहा वर्षं साथ दिली, दोघांचं लग्न आणि दोन नातवंडं दाखवली. तर माझं एवढंच मागणं. चढावर एखादी जुनी गाडी दमानं येताना ऐकलीत, तर क्षणभर डोळे मिटा आणि त्या म्हाताऱ्याची आठवण काढा, ज्याला बघायची मुभा मिळाली तरी जो आधी ऐकत बसला.